शुभदाने सांगितलेला दुष्काळ

पिवळ्या टोपणाची नळी. बोटाएवढी, आतलं रक्त अजून कोमट, आणि वर चिकटवलेलं लेबल एका कडेने सुटलेलं — इमर्जन्सीत कुणीतरी घाईने लावलं असणार, त्या मेल्यांना लेबल सरळ लावायला काय होतं कुणास ठाऊक — म्हणून सुहासिनीने सवयीने अंगठ्याने ती कड दाबली, आणि अंगठा उचलला तर खाली नाव होतं. गायकवाड, शुभदा. स्त्री. वय तेवीस.

गायकवाड काय, पैशाला पासरी. राहुरीपासून इथल्या ब्लॅकटाउनपर्यंत कुठेही सापडतील. शुभदासुद्धा दुसरी एखादी असू शकते, का नाही, नाव काय कुणी विकत घेतलंय… असं स्वतःला सांगत तिने नळी मशीनच्या रांगेत लावली. मुलाच्या, तनयच्या, जन्माआधीपासून ती वेस्टमीड हॉस्पिटलच्या या लॅबमध्ये होती, आणि पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट अशी की नळीला नातेवाईक नसतात. नंबर बघा, आकडे बघा, पुढची नळी घ्या. इतकी वर्षं तिने ते पाळलं होतं. आज मात्र ती मशीनसमोर उभीच राहिली, चहाची वेळ झाली तरी.

मशीनला कुणाची भीडमुर्वत नसते. पडद्यावर एकेक आकडा लाल होत गेला. साखर तळाला. पोटॅशियम खाली. फॉस्फेट इतकं खाली की तिने आधी मशीनवरच संशय घेतला, नळी पुन्हा लावली, आणि मशीनने निमूटपणे पुन्हा तेच सांगितलं. असे आकडे तिने पूर्वी पाहिले नव्हते असं नाही. दारूत बुडालेल्या म्हाताऱ्यांचे पाहिले होते, आरशाला भिऊन खाणं सोडलेल्या कोवळ्या पोरींचे पाहिले होते. पण शुभदा? आपली शुभदा?

लॅबचा नियम असा की असा आकडा ज्याच्या डोळ्यांपुढे येईल त्यानेच फोन करायचा, आणि पलीकडच्या डॉक्टरने तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा. तिने फोन केला. आवाज तिचाच होता, इंग्रजीही नेहमीचंच. पलीकडचा पोरगेला डॉक्टर "शुबाडा गायक्वॉड" असं म्हणत सगळे आकडे घोकून गेला आणि फोन ठेवता ठेवता, जवळजवळ स्वतःशीच, म्हणाला, "शी हॅझन्ट बीन ईटिंग, मेट. नॉट फॉर वीक्स."

जेवलेली नाही. कित्येक आठवडे.

छे, काहीतरीच. शुभदा उपास करत होती, हे प्रार्थनेच्या मंडळीत कुणाला ठाऊक नव्हतं? शनिवारचा उपास. तो तर सगळेच करत होते — ती, तिचा नवरा भास्कर, शैलाताई, सगळेच. पण मनाला कितीही समजावलं तरी हातांनी इतकी वर्षं रक्त हाताळलेलं होतं. शनिवारच्या उपासाने फॉस्फेट असं रसातळाला जात नाही. तिचं स्वतःचं रक्त त्या नळीत घातलं असतं तर त्यात शुक्रवार रात्रीचं मटण निघालं असतं… रश्श्यासकट.

ती स्टुलावर बसली.

दर शनिवारी संध्याकाळी ब्लॅकटाउनला तिच्या घरी मराठी मंडळी जमायची. चर्चची इमारत नाही, पाळक नाही, सोफे भिंतीला सरकवायचे आणि खुर्च्या गोल मांडायच्या की झालं चर्च. नगर, जालना, सोलापूरकडची माणसं. काही तिच्यासारखी जुनी, शिकायला येऊन इथलीच होऊन बसलेली, आणि आता हे नवं पीक — कुकरी शिकणारी, केस कापायला शिकणारी पोरंपोरी, एजंटाने सांगितलं स्वयंपाक शिका म्हणजे पीआर, इथं कायम राहायची परवानगी, मिळते, म्हणून हातातली डिग्री गुंडाळून कांदा चिरायला सात समुद्र ओलांडून आलेली. गायन व्हायचं, वचन व्हायचं, आणि मग विनंत्या. एकेकाने उठून आपलं मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर आमेन म्हणायचं. कुणाचा व्हिसा, कुणाच्या आईचा गुडघा, कुणाची ड्रायव्हिंग टेस्ट. देवाला बिचाऱ्याला किती व्याप, असं सुहासिनीच्या मनात यायचं, आणि ती पटकन डोळे मिटून घ्यायची.

काही आठवड्यांपूर्वी एका शनिवारी कुकरी शिकणाऱ्या शुभदाची पाळी आली. ती उठली ती खुर्चीची पाठ धरून. पोरगी एरवी इतकी हळू बोलायची की शैलाताईंना कानाशी हात न्यावा लागे. तिने ओठ ओले केले, आणि मग तिचे हात थरथरायला लागले, खुर्ची फरशीवर कटकट वाजायला लागली… आणि ती म्हणाली, "दुष्काळ येतोय. मोठा दुष्काळ येतोय. मला दिसतोय. पिंपं रिकामी आहेत, चुली थंड आहेत, आणि आपल्याला कळतच नाहीये."

अंगावर काटा आला होता. आत्ताही, लॅबच्या पांढऱ्या उजेडात, ते आठवून तिच्या दंडावर काटा उभा राहिला. आधी शैलाताई — मंडळीतल्या सगळ्यांत थोरल्या, पाळकांच्या घरात वाढलेल्या — "हालेलूया" म्हणाल्या, अगदी आतून, आणि मग सगळ्यांच्या तोंडून एकदम आमेन निघालं, भिंतीवरचं घड्याळ हाललं असेल इतकं मोठं. भास्कर उठून उभा राहिला. त्याने अगबाची गोष्ट सांगितली. पहिल्या विश्वासणाऱ्यांची ती अंत्युखियाची मंडळी, आपल्यासारखीच घरदार सोडून विखुरलेली, चहूकडून गांजलेली; त्यांच्यात अगब नावाचा संदेष्टा असाच अचानक उठला, आणि सगळ्या जगावर मोठा दुष्काळ येणार असं त्याला आत्म्याने दाखवलं. आणि दुष्काळ आला. "देव आपल्या लोकांना अंधारात ठेवत नाही," भास्कर म्हणाला, "तो विश्वासू आहे." त्याच्या कंपनीत तेव्हा दर शुक्रवारी कुणा ना कुणाला कामावरून काढून, खोकं भरून घरी पाठवत होते. मंदी दाराशी आली होती. आपल्या नवऱ्याला रात्र रात्र झोप लागत नाही आणि देवाने त्याच्यासाठी एवढ्याशा पोरीच्या तोंडी निरोप धाडला, या विचाराने तिला त्या क्षणी इतकं भरून आलं होतं की तिने उठून शुभदाला मिठीच मारली. हाताला हाडं तेवढी लागली. पोरी अलीकडे बारीकच असतात.

पुढच्या आठवड्यापासून गॅरेजमध्ये पोती यायला लागली. तांदूळ, कणीक, तूरडाळ, तेलाचे डबे. मंडळीतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने आणायचं आणि साळव्यांच्या, म्हणजे सुहासिनी-भास्करच्या, गॅरेजमध्ये ठेवायचं, कारण त्यांचं गॅरेज मोठं. गाडी बाहेर थंडीत कुडकुडायला लागली. तनयने एकदा थप्पीकडे बघून विचारलं होतं, "मम, आर वी लाइक, डूम्सडे पीपल?" जगबुडीची तयारी करणारे आहोत का आपण, असं, आणि ती हसली होती. हसली होती खरी, पण गॅरेजचं दार लावताना त्या थप्पीकडे बघून तिला झोपेची गोळी घेतल्यासारखं निर्धास्त वाटायचं, हेही खरं होतं.

आणि उपास. दुष्काळाचं वचन आलं म्हटल्यावर मंडळीने उपास-प्रार्थना करायला हवी, असं भास्करने सुचवलं. दर शनिवारी. म्हणजे प्रार्थनेनंतरचं जेवणही बंद, साधा चहा तेवढा. तेव्हा सुहासिनीने मनातल्या मनात हुश्श केलं होतं. आठवडाभर शिफ्टा करून शनिवारी वीस माणसांचा पुलाव आणि रस्सा रांधायचा म्हणजे काय असतं ते रांधणाऱ्यालाच ठाऊक. त्या जेवणानंतर शुभदा भांडी घासायला थांबायची, न सांगता. एकदा सुहासिनी मागून गेली तर पोरगी सिंकपाशी पाठमोरी उभी राहून पातेल्याची खरवड बोटांनी काढून खात होती. किती नम्र मुलगी, असं वाटलं होतं तेव्हा… अन्न टाकू नये असं आईने शिकवलेलं दिसतंय…

देवा.

मोबाइल खिशात थरथरला आणि ती स्टुलावरून जवळजवळ पडलीच. इमर्जन्सीतून नर्स बोलत होती. शुभदा गायकवाडने जवळचं माणूस म्हणून आपलं नाव दिलं आहे, आपण तिच्या आंटी ना? सकाळी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर चक्कर येऊन पडली, लोकांनी अॅम्ब्युलन्स बोलावली, आता शुद्धीवर आहे.

"येस," सुहासिनी म्हणाली. "आय अॅम द आंटी."

जवळचं माणूस म्हणे. लॅबपासून इमर्जन्सीपर्यंतचा तो लांबलचक कॉरिडॉर ती आपल्या जेवणाचा डबा छातीशी धरून चालत गेली, आणि चालताना तिला एकाएकी अगबाच्या गोष्टीचा उरलेला भाग आठवला. जालन्याच्या संडेस्कूलमध्ये बाई कापडी फळ्यावर चित्रं चिकटवून दाखवायच्या. त्यात दोन दाढीवाले होते, बर्णबा आणि शौल, पाठीवर गाठोडी घेऊन वाट चालणारे. कुठं निघाले होते ते? यहूदियात. अंत्युखियाच्या मंडळीने अगबाचं ऐकलं आणि कोठारं भरली नाहीत, तिने ज्याला त्याला जमेल तसं गोळा केलं आणि दुष्काळ यायच्या आधीच दूरच्या भावंडांकडे पाठवून दिलं. एवढीच तर गोष्ट. तिची पुढची ओळ. भास्करने ती सांगितली नव्हती, आणि ते एक सोडा, त्या खोलीत वीस माणसं होती, सगळी पाळण्यातली ख्रिस्ती, शास्त्र कोळून प्यालेली, आणि एकालाही ती आठवली नव्हती. मलासुद्धा. मी तर पोत्यांवर नावं घालून ठेवली, कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून.

पडद्याआड शुभदा पडली होती. हाताला सलाइन. गालांची हाडं वर आलेली… गेल्याच शनिवारी त्या हाडांकडे बघून, "उपासाने चेहऱ्यावर काय तेज आलंय गं तुझ्या," असं कोण म्हणालं होतं? सुहासिनीच म्हणाली होती, आणि वर तिचा गालही कुरवाळला होता.

"काकू, तुमची शिफ्ट असेल ना," शुभदा म्हणाली. हे तिचं पहिलं वाक्य.

"शिफ्ट गेली खड्ड्यात. हे बघ, डबा आणलाय. वरणभात आहे, मऊ आहे, दोन घास…"

नर्सने मध्येच हात घातला. "नॉट येट, लव." इतके दिवस रिकामं राहिलेल्या शरीराला एकदम जेवण दिलं तर हृदयावर येऊ शकतं, आधी सलाइनमधून, मग चमच्या-चमच्याने, डॉक्टर सांगतील तसं. सुहासिनीला हे सगळं पाठ होतं, त्या आकड्यांचा अर्थ तिला त्या नर्सपेक्षा जास्त कळत होता; तरी ती डबा हातात धरून बावळटासारखी उभी राहिली. घरी गॅरेजमध्ये छताला लागतील एवढी पोती, आणि या पोरीला आज भाताचं शीत द्यायची सोय नाही.

"का नाही सांगितलंस गं?" आवाज चढला तिचा. राग कशाचा ते कळत नव्हतं, पण राग आला होता. "एका शब्दाने सांगायचंस. आम्ही काय मेलो होतो?"

"सांगितलं की काकू," शुभदा म्हणाली.

"कधी?"

"तुमच्याच घरी. माझी पाळी आली तेव्हा."

पलीकडच्या पडद्याआड कुणीतरी खोकत होतं. खोकतच होतं.

"मी उठले ती एवढंच म्हणायला की… मला भूक लागलीय. कॉलेजने बिल भरलं नाही म्हणून किचनचा गॅस कापला होता. मी तिथंच खायचे, आम्ही प्रॅक्टिकलला जे शिजवायचो ते. रेस्टॉरंटवाल्यानेही काढून टाकलं होतं. घरी कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, विनंती म्हणून सांगावं, विनंतीला कोण हसतंय. आणि तोंड उघडलं तर ते भलतंच आलं."

"म्हणजे ते… ते शब्द तू…" पुढचं तिला विचारता येईना.

"मला नाही माहीत. खरंच नाही माहीत काकू. मी ठरवलेलं नव्हतं. डोळ्यांपुढे पिंपं दिसत होती, रिकामी. भुकेने दिसत असतील. नसतीलही." तिने डोळे मिटले. "मग तुम्ही सगळे आमेन म्हणालात. एवढं मोठं आमेन झाल्यावर काय सांगणार, की मला एक पोळी द्या?"

सुहासिनी हबकली. खाटेची कड तिने धरली आणि तिला वाटलं आता ही कटकट वाजायला लागेल. ते थरथरणारे हात! आत्मा उतरला म्हणून सगळे जण डोळ्यांत पाणी आणून बघत होते त्या हातांकडे, आणि लॅबमध्ये आयुष्य काढलेली बाई चार फुटांवर बसून, साखर उतरल्यावर माणसाचे हात कसे कापतात हे पाठ असलेली बाई, हालेलूया म्हणत होती. आणि पुढच्या शनिवारपासून आम्ही काय केलं? तिच्या आठवड्यातलं एकमेव पोटभर जेवण बंद केलं. देवाच्या नावाने. तिच्याच शब्दावरून.

"मंडळीत सांगू नका हं," शुभदा पुटपुटली. "शैलाताई किती खूश आहेत. त्यांचा विश्वास… माझ्यामुळे उगाच…"

हिला अजून आमच्या विश्वासाची काळजी! सुहासिनीला हसू आलं की रडू, ते तिला कळलं नाही. घशातून निघालेला आवाज दोन्हींपैकी कसलाच नव्हता.

तेवढ्यात भास्करचा फोन. डबा खुर्चीवर ठेवून ती पडद्याबाहेर आली.

"सुहास! बातमी ऐकलीस का? रेडिओवर सांगितलं आत्ता. ते कुकरीचं कॉलेज बंद पडलं. शुभदाचं गं! कुलूप लावून मालक गायब. शेकडो मुलं रस्त्यावर आलीयत, खायचे वांधे झालेत म्हणे त्यांचे, गुरुद्वारावाले लंगर लावतायत…" तो धापा टाकत होता, आनंदाने की भीतीने कोण जाणे. "वचन पूर्ण झालं, कळतंय का तुला? अगदी अक्षरशः! तिने कधी सांगितलं होतं आठव."

तिने भिंतीला पाठ टेकवली. हे तर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती भूकच होती, नुसती भूक, असं मानून तिने आत्ता कुठे पाय टेकवायला जमीन शोधली होती, आणि हा म्हणतोय ते खरं होतं — दुष्काळ आला होता. शेकडो पोरं. थंड चुली. आपल्याला कळतच नाहीये. मग बोललं कोण त्या शनिवारी? भूक बोलली की देव बोलला… आणि देव बोलणार तर आणखी कुणाच्या तोंडून बोलणार होता, भरल्या पोटाच्या?

"शनिवारी तिला साक्ष द्यायला उभी करू," भास्कर सांगत होता. "तू गाडी घेऊन जा, तिला आण. पुढे बसवू."

"भास्कर, तिने काही खाल्लेलं नाहीये."

"अगं, तिला उपासाचं सांगावं लागत नाही, तेच तर म्हणतोय मी. पोरगी देवाने निवडलेली आहे."

तिने तोंड उघडलं. सांगायचं होतं. सांगितलं तर शुभदा खोटी ठरेल, लबाड ठरेल, तीच मिठ्या मारणारी माणसं तिच्याकडे बघणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर शनिवारी आणखी एक उपास होईल, आणखी पोती येतील, आणि हे पोर खुर्चीची पाठ धरून पुन्हा उभं राहील. काही सांगायचं तर अगबाची पुढची ओळ सांगता येईल, बर्णबाची, गाठोड्यांची. पण ती ओळ तोंडातून काढायची तर आधी तुम्ही ती गाळलीत असं नवऱ्याला म्हणावं लागेल, ज्या नवऱ्याला त्या पोत्यांच्या भरवशावर कित्येक रात्रींनी झोप लागली होती. "मी तुला फोन करते," एवढंच ती म्हणाली.

आत आली तेव्हा शुभदाला गुंगी आली होती. नर्स निघून गेली होती. डबा खुर्चीवर होता तसाच, म्हणून ती उभीच राहिली, त्या अरुंद चेहऱ्याकडे बघत. लहानपणापासून तिला एकच भीती वाटत आलेली होती, कुणाला न सांगितलेली: आपण एवढं बोलतो, गातो, गुडघे टेकतो, आणि पलीकडून कुणी बोलतच नसेल तर? आज त्या भीतीची जागा रिकामी होती. त्या जागी दुसरीच येऊन बसली होती, आणि तिचं तोंड सुहासिनीला ओळखू येत नव्हतं. तो बोलत असेल तर. माझ्या घरात, माझ्या खुर्चीला धरून, स्वच्छ मराठीत बोलला असेल तर, आणि मी आमेन म्हणून डाळ आणायला गेले असेन तर.

शुभदाचे ओठ हलले. काहीतरी म्हणत होती ती, झोपेत की जागेपणी ते कळत नव्हतं, शब्द लागत नव्हते. सुहासिनी वाकली, आणखी वाकली, तो श्वास कानाला लागेपर्यंत वाकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला ऐकायचं नाहीये, कधी नव्हे एवढी आपण घाबरलोय. तरी ती मागे सरली नाही. कंबर दुखायला लागली, तरी कान तिथेच ठेवून राहिली.